घाण्यामागे पळीभर तेल

तलासरी तालुक्यातील वेवजी हे महाराष्ट्राच्या सीमेवरील गाव. गावाची शीव संपते तेथे गुजरातमधील सोलसुंबा सुरू होते. ही शीव नेमकी कोठून जाते, यावरून दोन ग्रामपंचायतींमध्ये निर्माण झालेला वाद अलीकडच्या काळात वृत्तपत्रांतही गाजला. हद्दीचा दगड कोणाच्या बाजूला, याचा निवाडा मोजणी करणारे अधिकारी यथावकाश करतील. परंतु काही वर्षांपूर्वी याच शिवेवर आणखी एक रेषा ओढली गेली होती. ती नकाशावर दिसत नव्हती आणि तिच्याविषयी कोणी निवेदन दिल्याचे, मोर्चा काढल्याचेही ऐकिवात नाही. ती रेषा होती अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेची.

'जेईई मेन' ही देशव्यापी परीक्षा २०१३ पासून सुरू झाली. आपल्या राज्यातील प्रवेशही याच परीक्षेच्या आधारे करावेत, असे सर्व राज्यांना सुचवण्यात आले होते. गुजरात त्यात सहभागी झाला आणि गुजराती प्रश्नपत्रिका मिळू लागली. २०१४ मध्ये महाराष्ट्रही सहभागी झाला, तेव्हा मराठी व उर्दू प्रश्नपत्रिका आल्या. २०१६ मध्ये दोन्ही राज्यांनी ही पद्धत सोडून दिली. मराठी आणि उर्दू भाषांतर थांबले. गुजराती मात्र सुरू राहिले, कारण ते सुरू ठेवावे अशी विनंती गुजरात राज्याने केली. २०१९ मध्ये बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी 'गुजरातीच का?' असा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने हा सारा इतिहास जाहीरपणे सांगितला. अखेर २०२१ पासून ही परीक्षा तेरा भाषांत होऊ लागली आणि मराठी परत आली.

म्हणजे मधली काही वर्षे सोलसुंब्याच्या मुलाला भौतिकशास्त्राचे उदाहरण स्वतःच्या भाषेत वाचता येत होते आणि शिवेपलीकडच्या वेवजीच्या मुलाला ते येत नव्हते. यात गुजरातने कोणाचे काही हिरावून घेतले, असे म्हणण्यास जागा नाही. एका राज्याने मागितले, दुसऱ्याने मागितले नाही, एवढाच याचा अर्थ. मराठीच्या अभिमानाची भाषणे त्या वर्षांतही महाराष्ट्रात कमी झाली नव्हती. दुकानांच्या पाट्यांवरून राज्यात रणे माजली. प्रश्नपत्रिकेवरून माजली नाहीत.

आता मराठी प्रश्नपत्रिका मिळते, तेव्हा प्रश्न सुटला असे मानावे काय? तसे मानता येत नाही. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेणे म्हणजे व्यवहारात इंग्रजी माध्यम घेणे होय. दोन वर्षे ज्या विषयाची प्रत्येक संज्ञा इंग्रजीतून घोकली, त्याची प्रश्नपत्रिका शेवटच्या दिवशी मराठीत हाती पडली, तर मुलाला तीच परकी वाटते. राज्याच्या स्वतःच्या सामाईक प्रवेश परीक्षेची कथा याहून नवलाची आहे. गेल्या काही वर्षांच्या माहितीपुस्तिका पाहिल्या तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मराठीतून सोडवण्याची मुभा दिसते. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र केवळ इंग्रजीतच. ज्या भूमीत केरूनाना छत्रे यांनी दीडशे वर्षांपूर्वी मराठीत गणिताची पुस्तके लिहिली आणि त्यांच्याच हाताखाली लोकमान्यांची गणितबुद्धी घडली, त्या भूमीतील राज्य परीक्षेला गणित मराठीत छापणे अवघड वाटावे, ही शोचनीय गोष्ट आहे.

वेवजीच्या मुलापुढची चढण तर आणखी एका पायरीने उंच आहे. तलासरी तालुक्यात २०११ च्या जनगणनेनुसार दहांतील नऊजण अनुसूचित जमातींतील. बहुतेकांच्या घरात बोलली जाते ती वारली बोली. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात गुजराती, आणि दहावीनंतर एकाएकी इंग्रजी. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातील मुलगा एक भाषा ओलांडून विज्ञानापर्यंत पोहोचतो. या मुलाला दोन ओलांडाव्या लागतात, आणि दुसरी ओलांडण्यासाठी हाती उरलेला काळ असतो जेमतेम दोन वर्षांचा.

याचा परिणाम प्रत्यक्ष उदाहरण सोडवताना काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. यंत्रशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात 'लाईट स्ट्रिंग' येते. भौतिकशास्त्रात तिचा अर्थ असा की, दोरीचे वस्तुमान नगण्य धरावे, म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी ताण सारखाच. पण 'लाईट' म्हणजे दिवा, उजेड, एवढेच ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा त्या शब्दाशी अडखळतो आणि पुढे सरकतो. 'स्मूथ' पृष्ठभाग म्हणजे गुळगुळीत, हे त्याला शब्दकोशात सापडते. पण त्या एका शब्दात 'घर्षण शून्य धरा' ही आज्ञा दडलेली आहे, हे शब्दकोश सांगत नाही. 'फ्रॉम रेस्ट' मध्ये आरंभीचा वेग शून्य आहे ही माहिती दिलेली असते. मुलाला तेथे विश्रांती दिसते. तीन शब्दांत तीन आकडे दिलेले होते, ते तिन्ही हातचे गेले. आता समोर सूत्र आहे, पण त्यात भरायला काही नाही. उत्तर चुकते आणि शेरा बसतो: 'मुलाचे फिजिक्स कच्चे आहे.' वास्तविक त्याच्या भौतिकशास्त्राची परीक्षा झालेलीच नसते. 'वस्तुमान नगण्य असलेली दोरी', 'घर्षणरहित उतार', 'विरामावस्थेतून' हे शब्द त्याला शाळेत भेटले असते, तर हे आकडे त्याने स्वतःच वेचून काढले असते.

इंग्रजी शिकवूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वरच्या वर्गांतील ग्रंथ, संशोधन, उद्योग यांची भाषा आज इंग्रजी आहे आणि वेवजीच्या मुलालाही ती आली पाहिजे. आग्रह आहे तो क्रमाचा. आधी कल्पना कळावी, मग तिचे इंग्रजी नाव. उलट क्रमाने केवळ नावे पाठ होतात.

उदाहरण सोडवणे म्हणजे सूत्रात आकडे भरणे, हा समज तर शहरांतही घट्ट बसला आहे. विहिरीत दगड सोडला आणि पाण्याचा आवाज काही वेळाने ऐकू आला, तर विहीर किती खोल, हे उदाहरण घ्या. पाठांतर केलेला विद्यार्थी दगड पडण्याचा काळ आणि आवाज वर येण्याचा काळ यांची बेरीज मांडतो, त्यातून वर्गसमीकरण उभे करतो आणि वर्गमुळाच्या आकडेमोडीत तीन-चार मिनिटे घालवतो. ज्याने विहिरीच्या काठावर उभे राहून विचार केला आहे, तो आधी अंदाज घेतो. वीस मीटर खोल विहिरीत दगडाला तळाचे पाणी गाठण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे वीस मीटर वर येण्यास त्याला एका सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग पुरतो. म्हणून साध्या विहिरीच्या बाबतीत आवाजाचा काळ प्रथम सोडूनच द्यावा, उत्तर काढावे आणि शेवटी किंचित कमी करावे. चार पर्यायांतले बरोबर उत्तर तो अर्ध्या मिनिटात ओळखतो. त्याने कोणतीही 'ट्रिक' वापरलेली नसते. निसर्गातली कोणती गोष्ट मोठी आणि कोणती नगण्य, याचे त्याला भान असते.

रसायनशास्त्रातही तेच. मोलची संकल्पना ही अकरावीच्या मुलांची पहिली ठेच. परंतु शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो वायू हवेत जातो, हे एकदा भट्टीचे उदाहरण घेऊन सांगितले, की चुनखडी ८० टक्के शुद्ध असेल तर चुना ४४.८ किलो, हे मूल स्वतः सांगते. वजन कुठे गेले, हा प्रश्न त्याला पडला पाहिजे. तो पडला की मोल हा शब्द केवळ नावापुरता उरतो.

परीक्षेची वेळ पाहिली म्हणजे या मुद्द्याचे महत्त्व अधिक कळते. राज्य सामाईक परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न तेवढ्याच वेळात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. २००६ पूर्वी आयआयटीच्या मुख्य परीक्षेत उत्तराच्या पायऱ्या लिहाव्या लागत आणि त्या तपासल्या जात. विचाराची दिशा बरोबर असली तर काही गुण पदरात पडत. आता पर्यायावर खूण करायची. ५४ सेकंदांत कोणी नवा विचार करू शकत नाही. जो विचार आधी, सातवी-आठवी-नववीत, निवांतपणे झालेला असतो, तोच त्या वेळी कामाला येतो. प्रवेश परीक्षा बारावीनंतर होत असली, तरी तिचा निकाल बऱ्याच अंशी त्याआधीच लागलेला असतो. त्या वर्षांत मुलाजवळ कोण बसले होते, यावर पुढचे अवलंबून असते.

शहरी पालकांनी याचे उत्तर पैशात शोधले. राजस्थानातील कोटा शहराचे नाव आज घराघरांत माहीत आहे. त्या नावाबरोबर येणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्याही माहीत आहेत; एकट्या २०२३ मध्ये तेथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, असे मार्गदर्शक निर्देश केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावे लागले. मात्र या कोट्याची सुरुवात कशी झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विनोदकुमार बन्सल हे तेथील जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात अभियंता होते. स्नायू क्षीण होत जाण्याच्या दुर्धर व्याधीने त्यांना ग्रासले. चालणे-फिरणे कठीण होत गेले, तेव्हा त्यांनी घरीच, टेबलाभोवती, शेजारपाजारच्या मुलांना गणित शिकवण्यास प्रारंभ केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्या टेबलाचा उद्योग झाला आणि उद्योगाची स्पर्धा झाली, हा भाग वेगळा आणि दुःखदही. पण मुळात होते ते एवढेच: विषय येणारा एक अभियंता, एक टेबल आणि चार मुले.

पालघर जिल्ह्याला अभियंत्यांची वानवा आहे काय? देशातील पहिले अणुवीज केंद्र याच जिल्ह्यात, तारापूरला, १९६९ पासून वीज देत आले आहे. डहाणूला औष्णिक वीज केंद्र आहे. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांनी भरलेली आहे. वेवजीच्या उत्तरेला उंबरगावची वसाहत आहे. अणूचे विभंजन, उष्णतेचे कार्यात रूपांतर, अम्ल आणि अल्कली यांच्या प्रक्रिया, म्हणजे प्रवेश परीक्षेचा निम्मा अभ्यासक्रम, या एका पट्ट्यात प्रत्यक्ष चालू आहे. ते चालवणारी सुविद्य माणसे रविवारी घरीच असतात. तालुक्यातील तरुण त्या कारखान्यांच्या दारात कंत्राटी मजूर म्हणून उभे राहतात, आणि आतील अभियंत्यांची मुले शिकवणीसाठी मुंबईची गाडी पकडतात. दोघांची गाठ पडत नाही.

या मातीत शिक्षणाचे काम झालेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये बालशिक्षणाचा प्रयोग मांडला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर तो वाढवला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे, अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात न्यावी, ही त्यांची दृष्टी होती. तलासरीत माधवराव काणे यांनी वनवासी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी आयुष्य वेचले. ज्यांच्या विचारसरणीशी या पानांचे कधी जुळले नाही, त्यांनीही तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावे महाविद्यालय चालवले आहे, हेही नमूद केले पाहिजे. फळ्यावरचे समीकरण कोणत्याही पक्षाचे नसते. माहीमला नवोदय विद्यालय आहे. बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंत इमारती उभ्या आहेत. रिकामी आहे ती मधली जागा: दहावीच्या गणिताकडून प्रवेश परीक्षेच्या गणिताकडे नेणारी.

आयआयटीमध्ये अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव आहेत. पात्रता थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचीही सोय आहे. पवई येथील आयआयटी तलासरीपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. दार उघडे आहे. दारापर्यंतची वाट कोणी बांधलेली नाही. जागा मिळाल्या की न्याय झाला, असे समजणारे राजकारण एका बाजूला, आणि जागा दिल्या म्हणून कपाळाला आठ्या घालणारा मध्यमवर्ग दुसऱ्या बाजूला. दोघांनाही 'लाईट स्ट्रिंग'शी अडखळलेला मुलगा दिसत नाही.

आणि गणित केवळ अभियंता होण्यासाठी हवे, असेही नाही. सगळी मुले अभियंते होणार नाहीत, होऊही नयेत. पण या भागातील वारल्यांच्या कित्येक पिढ्या सावकाराच्या वहीत अडकल्या, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी 'लग्नगडी' होऊन राबल्या, त्याचे एक कारण त्या वहीतील व्याज त्यांना तपासता येत नव्हते, हेही होते. आकडा पडताळून पाहण्याची सवय लागलेला मुलगा उद्या कारखान्यात गेला तरी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर डोळे मिटून अंगठा उठवणार नाही.

हे काम कोणाचे? शासनाचे आहेच. विज्ञान शिक्षकांची पदे भरली गेली पाहिजेत आणि आश्रमशाळांत प्रयोगशाळेचे कुलूप उघडले पाहिजे, याबाबत सवलत देण्याचे कारण नाही. परंतु समाजाने आपला वाटा उचलण्याची रीत या महाराष्ट्रात फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. तिच्यातील उदाहरणे भुंगे, हंस, मोर, सर्प यांची आहेत. बत्तीस हात उंचीचा कळक वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला, असे एक उदाहरण आहे. उत्तर बारा हात. वेवजीच्या मुलाला कळक कसा मोडतो, हे समजावून सांगावे लागत नाही. काटकोन त्रिकोण त्याने पावसाळ्यात पाहिलेला असतो. हे उदाहरण दिले की पायथागोरसचा सिद्धांत त्याच्या अंगणातला होतो.

भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला मिळालेल्या देणग्यांची नोंद आहे. तेथे केवळ राजघराण्यातील दाते नाहीत. बाजारातील व्यवहारावर बसवलेला लहानसा हिस्सा आहे, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे मठाला पळी पळी तेल देण्याची नोंद आहे. गणिताची पाठशाळा तेल्याच्या घाण्यावर चालत होती. घाणा ओढणाऱ्याला बीजगणित येत असेल-नसेल. रात्री अभ्यासाच्या दिव्यात तेल त्याचे होते.

आज पळी कोणती, हे ठरवणे अवघड नाही. गुणगौरव समारंभ, वह्यावाटप, शाल-श्रीफळ आणि तासभराचे 'करिअर मार्गदर्शन' यांवर अनेक शाखांचा, मंडळांचा उत्साह खर्च होतो. छायाचित्र निघते, बातमी येते. त्यातून एकही उदाहरण सुटत नाही. त्याऐवजी बोईसर-डहाणूकडील एखाद्या निवृत्त अभियंत्याने वा प्राध्यापकाने आठवी-नववीची आठ मुले घ्यावीत आणि तीन वर्षे सोडू नयेत. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, चार उदाहरणे, चाळीस नव्हेत. प्रत्येक उदाहरण आधी मुलांनी स्वतःच्या बोलीत एकमेकांना सांगावे, मग मराठीत लिहावे, मग इंग्रजी प्रश्नाशी ताडून पाहावे. चुकलेल्या उत्तरांची वेगळी वही ठेवावी; बरोबर उत्तरापेक्षा चुकीचे उत्तर शिक्षकाला अधिक सांगते. 'लाईट', 'स्मूथ', 'रेस्ट' यांसारखे फसवे शब्द एका कागदावर मावतील एवढेच आहेत. त्यांची यादी कोणा एकाने नीट केली तर ती तालुक्यातील प्रत्येक शाळेत लागू शकेल. जुन्या प्रश्नपत्रिका अकरावीनंतर, त्याआधी नकोत.

हे काम कंटाळवाणे आहे, हे सांगून टाकलेले बरे. पहिल्या वर्षी आठांतली तीन मुले गळतील. एखादी मुलगी घरकामासाठी थांबवली जाईल, एखादा मुलगा भातलावणीनंतर वीटभट्टीवर किंवा कंपनीत जाईल. त्यांच्या घरी जाऊन बसावे लागेल, आईबापांशी बोलावे लागेल, आणि ते बोलणे भौतिकशास्त्राविषयी नसेल. शहरातून रविवारी गाडी घेऊन आलेल्या उपकारकर्त्याकडून हे होणार नाही. तेथे वर्षानुवर्षे जाणारा आणि मुलांची नावे माहीत असलेला माणूसच ते करू शकेल. ज्या कार्यकर्त्यांना प्रवासाची आणि घरोघरच्या संपर्काची सवय आहे, त्यांना हा मार्ग नवा नाही. फक्त या वेळी पिशवीत पत्रकांऐवजी खडू लागतील.

राज्य परीक्षा कक्षाकडे गणिताची मराठी प्रश्नपत्रिका मागणारे निवेदनही गेले पाहिजे. पालघरच्या शाळांतील शिक्षकांच्या सह्यांनी गेले तर अधिक बरे. पुढील प्रवेश परीक्षेचे अर्ज निघण्यापूर्वी ते पोहोचायला हवे, आणि तोवर वेवजीच्या शाळेत कळकाचे उदाहरण एकदा फळ्यावर मांडून पाहण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.